वाटाड्याची सक्ती हवी, दर्शनाची बोली नको

पुणे जिल्ह्यातील डोंगर आणि जंगले यांच्या बाबतीत आपल्या प्रशासनाला दोनच हुकूम ठाऊक आहेत : बंद आणि खुले. पावसाने जोर धरला, एखादा धबधबा कोणाच्या जिवावर उठला, की धरणे, धबधबे आणि घाटातील पॉइंट यांवर बंदीचे आदेश निघतात, रस्त्याच्या तोंडाशी बॅरिकेड लागते आणि हवालदार उभा राहतो. २०२४ च्या जूनअखेरीस लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हाही हेच घडले. पाऊस ओसरला की बॅरिकेड उचलले जाते आणि मग ज्याला वाटेल त्याने, वाटेल तेथे, वाटेल तेवढा मोठा स्पीकर घेऊन शिरावे, अशी स्थिती होते. या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी व्यवस्था बसू शकते : लहान गट, ठरलेली पायवाट आणि सोबत त्याच परिसरातल्या गावचा, प्रशिक्षण घेतलेला, मोबदला ठरलेला वाटाड्या. भीमाशंकर आणि ताम्हिणी यांसारख्या अभयारण्यांच्या आतल्या भागात ही व्यवस्था सक्तीची करावी, असे माझे म्हणणे आहे. त्याला एक पुस्ती जोडतो, आणि माझ्या मते ती मूळ मागणीइतकीच महत्त्वाची आहे : या वाटाड्याची मिळकत प्राणी दिसण्या-न दिसण्यावर कधीही अवलंबून असू नये.

अशी व्यवस्था चालताना पाहायची असेल तर फार दूर जावे लागत नाही. पुण्यातून हिवाळ्यात पक्षी पाहायला श्रीलंकेला गट जातात आणि त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत सिंहराजा राखीव जंगलाचे नाव बहुधा असतेच. बेटाच्या नैर्ऋत्य भागातील हे सखल प्रदेशातले पर्जन्यवन १९७८ मध्ये युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र झाले आणि १९८८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. वारसा म्हणून नोंदलेले त्याचे क्षेत्र जेमतेम ८९ चौरस किलोमीटर होते, म्हणजे आपल्या सुमारे १३१ चौरस किलोमीटरच्या भीमाशंकर अभयारण्यापेक्षाही कमी. पाऊस वर्षाला ३,००० ते ५,००० मिलिमीटर पडतो. भीमाशंकरलाही पाऊस दांडगा असतो, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि उरलेले वर्ष जंगल त्या पुंजीवर काढते. सिंहराजाला दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो आणि खऱ्या अर्थाने कोरडा म्हणावा असा महिना तेथे जवळजवळ नसतोच. श्रीलंकेत प्रदेशनिष्ठ असलेल्या सस्तन प्राण्यांच्या आणि फुलपाखरांच्या निम्म्याहून अधिक जाती या एवढ्याशा तुकड्यात सापडतात.

पश्चिम घाट आणि श्रीलंका यांना जैवविविधतेच्या जागतिक नकाशावर एकच प्रदेश म्हणून मोजतात. हिमयुगांत समुद्राची पातळी खाली गेली तेव्हा बेट आणि भारत यांच्यामध्ये जमिनीचा दुवा उघडा पडत असे. तरीही दोन ओल्या जंगलांच्या मध्ये कोरडी मैदाने राहिल्याने बेटावरचे बेडूक, सरडे, गोगलगायी यांची वाट बरीचशी वेगळी झाली. त्यामुळे पुणेकराला सिंहराजात एक चमत्कारिक अनुभव येतो. सातभाईंच्या कुळातले पक्षी आहेत, पण आपले नव्हेत. भारद्वाज आहे, पण त्याची चोच फिकट हिरवी आहे. कोतवाल आहे, पण त्याच्या कपाळावर तुरा आहे. आपला भेरली माड तेथे कितुल म्हणून ओळखला जातो, आणि जंगलाकाठची गावे त्याचा रस काढून त्याचा पाक आणि गूळ करतात. ओळखीचे आणि अनोळखी यांच्या या सरमिसळीत माणूस आपल्याला सगळे कळते आहे अशा समजुतीत सहज चालू लागतो, आणि वाटाड्याची गरज नेमकी तेव्हाच सर्वाधिक असते.

कुडावा गावाच्या बाजूने आत शिरताना तिकीट काढावे लागते आणि सोबत वाटाड्या घ्यावाच लागतो. एकट्याने भटकण्याची मुभा नाही. ज्या रुंद वाटेने पर्यटकांना नेतात, ती मुळात लाकूडतोडीची वाट आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी प्लायवूडच्या कारखान्यासाठी या जंगलात यंत्रांनी तोड सुरू झाली होती. शास्त्रज्ञ, विद्यार्थी आणि सामान्य नागरिक यांनी तिच्याविरुद्ध एवढा आवाज उठवला, की १९७७ मध्ये सरकारला ती थांबवावी लागली. म्हणजे पाहुण्यांना अस्पर्श अरण्य म्हणून जे भावते, त्यातला वाटेलगतचा बराचसा भाग करवतीखालून परत आलेला आहे. हे सांगणारा कोणी बरोबर नसेल तर ते कळत नाही. आमच्या वाटाड्याने एका ठिकाणी थांबून वाटेच्या दोन्ही बाजूंची झाडे दाखवली : एकीकडे सारख्या जाडीची, दाटीवाटीने वाढलेली, आणि आत उताराकडे पस्तीस-चाळीस मीटर उंच गेलेली जुनी. त्या दोन मिनिटांत मला जंगलाच्या पुनर्वाढीबद्दल जे समजले, ते पुण्यातल्या व्याख्यानांत समजले नव्हते. व्याख्याने वाईट नव्हती, पण तेथे झाडे समोर नव्हती.

पर्जन्यवनात प्राणी दिसत नाहीत, ही गोष्ट आधीच मान्य करून आत जायला हवे. वरच्या छताखाली उजेड फार थोडा पोहोचतो, पाने ओली आणि काळसर असतात, आणि तासभर जळवा सोडल्या तर कोणीच भेटत नाही. मग एकाएकी पाखरांचा लोंढा येतो. सिंहराजातील हे मिश्र थवे जगप्रसिद्ध आहेत. पक्षिशास्त्रज्ञ सरत कोटगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांच्या नोंदी ठेवल्या आहेत. एका थव्यात सर्वसाधारणपणे दहा-बारा जातींचे चाळीसेक पक्षी असतात. नारिंगी चोचीचे सातभाई खालच्या-मधल्या फांद्यांतून कलकलाट करत पुढे सरकतात, तुरेवाला कोतवाल थोडा वर राहून उडालेले किडे टिपतो आणि शिकारी पक्षी दिसला की ओरडतो. हा कोतवाल इतर पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो आणि त्यामुळे थवा त्याच्या भोवती गोळा होण्यास मदत होते, असे तेथील संशोधकांनी दाखवून दिले आहे. या दोघांच्या आधाराने मलकोहा, सुतार, कर्णे, निळा मॅगपाय असे बाकीचे चालतात. थवा जेमतेम काही मिनिटे डोक्यावर राहतो आणि निघून जातो.

आमच्या गटातील एका गृहस्थांचा मलकोहा हुकला. लाल तोंडाचा हा पक्षी त्यांच्या यादीतला ‘लायफर’ होता, म्हणजे आयुष्यात प्रथमच दिसणार होता, आणि कॅमेरा वर करेपर्यंत तो पानांत शिरला होता. ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून पक्ष्याला बाहेर बोलवावे म्हणून त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि वाटाड्याला विचारले, ‘‘एकदा कॉल वाजवू का?’’ त्याने मान हलवून नकार दिला. गृहस्थांनी वरखर्चाची गोष्ट काढली. तो नुसता हसला आणि पुढे चालू लागला. शंभरेक पावलांवर त्याने आम्हाला खाली बसवले आणि बोटभर जाडीच्या वेलीकडे दाखवले. तेथे वाळकी पाने अडकली होती, इतकेच मला दिसत होते. त्याने दिशा सांगितली, मग उंची सांगितली, मग गवताची काडी हातात धरून तिच्या टोकाशी डोळा लावायला सांगितला, तेव्हा त्या पानांना मिशा फुटल्या : बेडूकमुखी पक्ष्यांची जोडी, नर करडा, मादी तांबूस, एकमेकांना चिकटून, डोळ्यांच्या नुसत्या फटी ठेवून दिवसाची झोप काढत होती. हा पक्षी आपल्या सह्याद्रीच्या दक्षिणेकडील सदाहरित पट्ट्यातही आहे. तो मला बेटावर जाऊन पाहावा लागला, कारण आपल्याकडे तो दाखवणारा माणूस मला भेटला नव्हता. वाटाड्याने आम्हाला तेथे दोन-तीन मिनिटेच बसू दिले आणि फ्लॅश मारू दिला नाही.

त्याला तसे वागणे का परवडले, हा माझ्या दृष्टीने या सगळ्यातला कळीचा प्रश्न आहे. त्याचे पैसे आम्ही आत शिरण्यापूर्वीच तिकिटाच्या खिडकीवर भरले होते. मलकोहा दिसला असता तरी तेवढेच होते, न दिसला तरी तेवढेच. त्याच्या नकाराची किंमत त्याला स्वतःला मोजावी लागणार नव्हती. प्रामाणिकपणा हा स्वभावाचा भाग असतो हे खरे, पण घरी चूल पेटवायची असलेल्या माणसाच्या प्रामाणिकपणाला व्यवस्थेचा टेकू लागतो. ज्या क्षणी त्याच्या संध्याकाळच्या बक्षिसीचा आकडा पाहुण्याच्या यादीवर ठरू लागतो, त्या क्षणी तो जंगलाच्या बाजूने बोलू शकत नाही.

सिंहराजात हे सर्व आदर्श आहे, असे मी म्हणत नाही. बक्षिसी तेथेही चालते आणि तिचे परिणामही दिसतात. सेरेन्डिब नावाचे छोटे घुबड याचे उत्तम उदाहरण आहे. श्रीलंकेतील पक्षी-अभ्यासक दीपल वारकागोडा यांनी त्याचा अनोळखी आवाज १९९५ मध्ये कितुलगलच्या जंगलात प्रथम ऐकला. पक्षी प्रत्यक्ष दिसला २००१ मध्ये, सिंहराजात. आणि नवी जाती म्हणून त्याचे शास्त्रीय वर्णन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा वर्षे नुसता आवाज ऐकून माणूस त्याच्या मागे राहिला, ही पक्षिशास्त्रातली एक देखणी गोष्ट आहे. आज हेच घुबड अनेक पर्यटकांच्या यादीत सर्वांत वर असते, आणि दिवसा ते कोणत्या झुडपात झोपले आहे हे शोधून ठेवणाऱ्याला चांगले पैसे मिळतात. झोपलेल्या पक्ष्यासमोर दिवसभरात किती गट आणून उभे करायचे, याचा हिशेब शोधणाऱ्याच्या हाती राहिला तर तो सैल होणारच. हिशेब नियमात असायला हवा.

आता आपल्याकडे वळू. वाटाड्याची सक्ती ही महाराष्ट्राला नवी कल्पना नाही. ताडोबात जिप्सीमध्ये गाइड असल्याशिवाय गाडी दरवाजातून आत सोडत नाहीत, आणि त्याबद्दल कोणी पुणेकराने स्वातंत्र्यावर घाला आला अशी तक्रार केल्याचे मी ऐकलेले नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन काही महिने थांबवले, त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि गाड्यांच्या संख्येला, क्षेत्राला, वेळेला मर्यादा पडल्या. वाघाच्या नावाने आपण हे सगळे मान्य केले. मग सह्याद्रीत शेकरू, देवराई, बेडूक आणि काजवे यांच्या नावाने ते का मान्य होऊ नये? वाघ आपल्याला खाईल ही भीती हे एकमेव कारण असेल, तर आपण जंगलाचा विचार केलेलाच नाही, फक्त आपल्या जिवाचा केला आहे.

ताडोबाची नक्कल मात्र करू नये. तेथे सक्ती आहे, पण दर्शनाची बोलीही आहे. वाघ दिसला की बक्षिसी, न दिसला तर रुसलेली जिप्सी. म्हणून एका वाघिणीभोवती गाड्यांची रांग लागते आणि गाइडची नजर सतत दुसऱ्या गाइडच्या हातवाऱ्यांकडे असते. पाहुणे फाटकाबाहेर येताच एकमेकांना ‘‘झालं का सायटिंग?’’ असे विचारतात आणि तीन तासांचे जंगल हो किंवा नाही एवढ्यात आटोपते. यात गाइडचा दोष मी सर्वांत शेवटी धरेन. त्याला आपण वाघ दाखवण्याच्या कामावर ठेवले, तो वाघ दाखवतो.

पुण्याभोवती आपण हीच सवय पसरवत आहोत. इंदापूर-बारामतीकडील माळरानांवर लांडगा, चिंकारा, तरस, खोकड आहेत. लांडग्याचा चांगला फोटो मिळावा म्हणून गाड्या चाकोरी सोडून माळावर घालणे, पिले असलेल्या बिळाजवळ तासन्‌तास थांबणे हे प्रकार इतके वाढले, की वनविभागाला कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे वाहनमार्ग आखून, स्थानिक गाइड नेमून गवताळ प्रदेशाची सफारी सुरू करावी लागली. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. त्या माळांवर धनगरांइतका लांडगा कोणालाच कळत नाही. लांडग्याने त्यांची मेंढरे नेली आहेत आणि तरीही ते त्याच माळावर त्याच्या शेजारी वाडा लावून राहत आले आहेत. अशा माणसाला मोबदला देऊन त्याच्याबरोबर माळ पाहणे आणि त्याच्या हातात नोट ठेवून ‘‘लांडगा दाखव’’ म्हणणे यांत फार मोठा फरक आहे. उजनीच्या पाणवठ्यावर भिगवणच्या मच्छीमारांनी नावा घेऊन पक्षी दाखवायला सुरुवात केली, त्यातून त्यांना हंगामी उत्पन्न मिळू लागले, हे स्वागतार्हच आहे. पण रोहितांचा थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून नाव थव्याच्या अंगावर घालायला सांगणारे पाहुणेही तेथे नित्याचे आहेत, आणि नावाडी नाही म्हणू शकत नाही, कारण शेजारची नाव हो म्हणायला तयार असते. मे-जूनमधील काजव्यांबद्दल तर बोलायलाच नको. नर लुकलुकतो, मादी झुडपातून उत्तर देते, आणि त्या दोघांमध्ये पुण्या-मुंबईच्या गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या असतात.

भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ मध्ये मुख्यतः शेकरूसाठी घोषित झाले. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांची गर्दी रस्त्याने येते, मंदिरापाशी थांबते आणि रस्त्यानेच परत जाते. तिचे प्रश्न वेगळे आहेत आणि मी सुचवत असलेला नियम तिला लागू करण्याचे कारण नाही. महादेव कोळ्यांची जी गावे या जंगलात आणि जंगलाकाठी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांना तर तो मुळीच लागू होऊ नये; २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचा तेथला वावर हा हक्क आहे. प्रश्न आहे तो आपला, म्हणजे शनिवारी रात्री पुण्याहून निघून रविवारी पहाटे शिडी घाटाच्या किंवा आहुप्याच्या बाजूला उतरणाऱ्या, पाठीवर सॅक आणि हातात फोन असलेल्या मंडळींचा.

आंबेगाव-जुन्नरच्या या पट्ट्यात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, गोळा करणे हा अनेक कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचा मोठा आधार आहे. हिरडा गोळा करणाऱ्या माणसाला झाड कोणत्या वळणावर आहे, यंदा त्याला बहर कसा आहे, त्याच्या कोणत्या फांदीवर शेकरूने घरटे बांधले आहे आणि त्यातले राहते कोणते, टाकून दिलेले कोणते, हे सगळे ठाऊक असते. शेकरू एकाहून अधिक घरटी बांधते. जमिनीवर क्वचितच उतरते. त्यामुळे झाडांच्या माथ्यांचे छत कोठे तुटले आहे हे तिच्या वाटेवरून कळते. आहुप्याच्या बाजूला एका म्हाताऱ्या बाबांनी मला ती तुटलेली जागा दाखवली होती. एका बाजूच्या फांदीवरून शेकरू यायची, थांबायची, आणि वळून लांबचा फेरा घ्यायची. ‘‘हितनं पल्याड जाया तिला आता झाड न्हाई,’’ एवढेच ते म्हणाले. कुडाव्याच्या वाटाड्याशी आम्हाला दोघांच्याही तोडक्यामोडक्या इंग्रजीतून बोलावे लागले होते. येथे बाबांची आणि माझी भाषा एक होती, आणि तरीही त्या पायवाटेने जाणारे गटामागून गट त्यांना फक्त ‘‘बाबा, वाट बरोबर आहे ना?’’ एवढेच विचारून पुढे जात होते.

या मागणीवर पुण्यात पहिला आक्षेप गिर्यारोहण संस्थांकडून येईल आणि तो हलका नाही. सह्याद्रीत मोकळेपणाने फिरण्याची परंपरा महाराष्ट्राने जपली, तीतून किल्ल्यांचे अभ्यासक घडले, बचावकार्य करणारे स्वयंसेवक घडले. आता प्रत्येक पावलाला पावती मागितली तर ती परंपरा मरेल, असे ते म्हणतील. मला हा आक्षेप किल्ल्यांपुरता मान्य आहे. राजगडाच्या वाटेवर वाटाड्याची सक्ती नको. अभयारण्य ही मात्र कायद्याने वेगळी ठेवलेली जागा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात प्रवेशासाठी मुळात परवानगी लागतेच; आपण ती घेत नाही आणि वनविभाग ती मागत नाही, एवढ्यावरून तो आपला हक्क ठरत नाही. शिवाय परंपरा घडली तेव्हाचे गट दहा-बारा जणांचे होते. आजच्या जाहिराती बसच्या आसनांच्या हिशेबाने गट भरतात आणि त्या गटाचा प्रमुख अनेकदा तो डोंगर स्वतःही पहिल्यांदाच पाहत असतो.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा. पुण्यात वनस्पती, फुलपाखरे, बेडूक, कोळी यांचे जाणकार भरपूर आहेत. देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात याच शहरातून पुढे नेला. ज्याला झाडाचे लॅटिन नाव येते त्याने गावातल्या मुलाच्या मागून का चालावे? याचे उत्तर असे, की त्याने त्याच्या बरोबर चालावे. सिंहराजातील २५ हेक्टरच्या अभ्यासक्षेत्रात १९९३ पासून एकेक झाड मोजले गेले, त्या कामात जंगलाकाठच्या गावांतील लोक होते. झाड पाहून नाव सांगणारे डोळे त्यांचे होते आणि आकडेवारीची शिस्त विद्यापीठाची होती. आपल्याकडच्या जाणकारांनी वर्षातला एखादा आठवडा वाटाड्यांच्या प्रशिक्षणाला दिला, तर त्यांना जेवढे शिकवता येईल त्याहून अधिक शिकायला मिळेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त सतावतो. सक्ती आली की खिडकी येते, खिडकी आली की वशिला येतो. गावातल्या चार घरांत ही कामे वाटली जातील, पुढाऱ्याचा भाचा वाटाडा होईल आणि तो फाटकाशी बसून नुसती पावती फाडेल, ही भीती निराधार नाही. कुठल्याशा ठिकाणी मी स्वतः अशी ‘पर्यावरण शुल्का’ची पावती घेतली आहे, जिच्या बदल्यात मला प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग पाहायला मिळाला. म्हणूनच वाटाड्यांची यादी ग्रामसभेत ठरावी, पाळी क्रमाने लागावी, पाहुण्याला आपल्या पसंतीचा वाटाड्या निवडता येऊ नये आणि जमा झालेल्या रकमेचा हिशेब गावच्या चावडीवर लिहिलेला असावा. आवडता वाटाड्या निवडण्याची सोय दिसायला निरुपद्रवी असते, पण ‘याच्याबरोबर हमखास दिसतं’ ही ख्याती तिच्यातूनच जन्मते आणि मग बोली पुन्हा मागच्या दाराने आत येते.

विद्यार्थ्यांना परवडणार नाही, हा आक्षेप सोडवायला सोपा आहे. श्रीलंकेत परदेशी पाहुण्यांकडून स्थानिकांपेक्षा कितीतरी अधिक प्रवेशशुल्क घेतात. आपण शाळा-महाविद्यालयांच्या सहलींना नाममात्र दर ठेवू शकतो आणि बाकीच्यांकडून टोचेल एवढा घेऊ शकतो. शनिवारच्या एका हॉटेलच्या बिलाएवढी रक्कम जंगलासाठी देताना ज्याला ती जाचक वाटते, त्याच्यासाठी शहरात टेकड्या आहेत, आणि त्या राहाव्यात म्हणून वेताळ टेकडीवर लोक भांडत आहेत.

स्थानिकांना मोबदला मिळाला की ते जंगल राखतील, हे गणितही जरा जपून मांडले पाहिजे. २०२० मध्ये सिंहराजाच्या काठावरील लंकागमा गावाकडे जाणारा रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा देशभर ओरड झाली, परंतु दवाखान्यापर्यंत पोहोचायला रस्ता हवा म्हणणारे गावकरीही होते. वाटाड्याच्या रोजंदारीने रस्त्याची, शाळेची, नळाची गरज भागत नाही, आणि ती भागते असे समजून शहरातल्या लोकांनी हात झटकू नयेत. त्या रोजंदारीचा उपयोग मर्यादित पण खरा आहे : जंगलात रोज कोणीतरी असते, तुटलेली फांदी, नवा फासा, सुकलेला झरा त्याच्या नजरेला पडतो आणि ते सांगण्यासाठी त्याला पद मिळते. वनरक्षकांची संख्या कधीच पुरेशी नसते. त्यांच्या जोडीला असे डोळे मिळणे ही साधी गोष्ट नाही.

वर्षभर एकच नियम ठेवण्याचीही गरज नाही. पावसाळ्यात जेथे आज सरसकट बंदी येते, तेथे निसरड्या जागा टाळून, नाल्याला पाणी किती चढले हे पाहून, आठ-दहा जणांना नेणारा वाटाड्या असेल तर बंदीचे कारणच बऱ्याच ठिकाणी उरणार नाही. आणि आज जावे की नाही हा निर्णय जिल्ह्याच्या कार्यालयाऐवजी नाला रोज पाहणारा माणूस घेईल. त्याच्या ‘आज नको’ या शब्दाला मान मिळायचा असेल तर त्या दिवशीची रोजंदारीही त्याला मिळाली पाहिजे. न्यायला नकार दिला म्हणून ज्याचा दिवस बुडतो, तो भर पावसातही नेईल.

शासन हे करील तेव्हा करील. पुण्यातील निसर्गसहली काढणाऱ्या संस्था आणि गट यांतले बरेच काही उद्यापासून करू शकतात, त्यासाठी अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही. सहलीच्या खर्चात स्थानिक वाटाड्याचा ठरलेला मोबदला स्वतंत्र दाखवावा आणि तो निघण्यापूर्वीच त्याला द्यावा. गटाची संख्या बसवर नव्हे, पायवाटेवर ठरवावी. ‘शेकरू हमखास’, ‘काजव्यांचा महासागर’ अशा जाहिराती बंद कराव्यात. आणि सहल संपल्यावर सहभागींनी आपसांत जी रक्कम खुशीने गोळा केली असेल, ती त्या दिवशीच्या वाटाड्याच्या हातात न देता सर्व वाटाड्यांच्या सामाईक पेटीत टाकावी.